तिसऱ्या मजल्यावरचा ढब्बू

दिल्लीत थंडी आली की मला ती आधी कुत्र्यांच्या अंगावर दिसते. माणसं अजून ‘इस बार ठंड लेट है’ म्हणत अर्ध्या बाह्यांचे शर्ट मिरवत असतात, आणि एक दिवस सोसायटीच्या गेटपाशी झोपणारा काळू कुणाच्या तरी नातवाला तोकडा झालेला स्वेटर घालून उन्हात बसलेला दिसतो. पुढचे दोन पाय बाह्यांत, चेहऱ्यावर साहेबी भाव. मग गच्च्यांवर रजया पडतात, घराघरांतून डांबराच्या गोळ्यांचा वास यायला लागतो, भाजीवाला मटारचा हिरवा ढीग लावतो आणि मी माझी कानटोपी शोधायला घेते. ती दरवर्षी सापडत नाही आणि दरवर्षी मी नवी घेते.

यंदाही काळू स्वेटर घालून बसला, आणि मला हेमाताई नि ढब्बू यांच्या संगतीत गेलेला तो हिवाळा आठवला. काही ऋतू येतात आणि जातात, लक्षातही राहत नाहीत. काही मात्र अंगात मुरतात. थंडी पडली की माझ्या उजव्या खांद्यात बारीक कळ येते. ती ढब्बूच्या वजनाची आहे असं मी सगळ्यांना सांगते. डॉक्टर वयाची म्हणतात, पण त्यांनी ढब्बूला उचललेलं नाही.

मी कुत्र्यांमधली नाही, हे आधीच सांगून टाकते. आमची उमेदीची सगळी वर्षं सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेली. तिथे अंगणात कुत्री यायची, पण ती शेजारच्या बाईंकडे पोळी खायला. माझ्याकडे ढुंकूनही बघायची नाहीत. त्यांचं माझ्यावाचून काही अडत नव्हतं, माझंही नव्हतं. निवृत्त झाल्यावर आम्ही मयूर विहारला फ्लॅट घेऊन राहायला आलो, आणि इथे मला मिसेस चोप्रांनी भाजीच्या गाडीपाशी गाठलं.

“आप मराठी हो ना?”

मी हो म्हटलं.

“बस. फिर आप ढब्बू की टीम में.”

मिसेस चोप्रा शाळेत पी.टी. शिकवायच्या. निवृत्त झाल्या तरी गळ्यात अदृश्य शिट्टी आहेच. सोसायटीत एकेकटी राहणारी बरीच वयस्क माणसं आहेत, मुलं कुठे कुठे पांगलेली, आणि सोबतीला कुत्री. माणसाचे गुडघे गेले तरी कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ बाहेर जायचंच असतं. तेव्हा कुणी त्यांची कुत्री फिरवून आणावीत, कुणी औषधं आणावीत, कुणी डॉक्टरकडे न्यावं, असा एक ग्रुप त्यांनी उभा केला होता. त्यात मला घेण्याचं कारण एवढंच, की हेमलता साळवे मराठी आणि मीही मराठी. दिल्लीत दोन मराठी माणसं एका आवारात राहिली की त्यांचं गोत्र एकच असणार, अशी इथल्या लोकांची पक्की समजूत असते. “मला कुत्र्यांचं काही कळत नाही,” हे मी हिंदीतून तीनतीनदा सांगितलं. “कोई बात नहीं, ढब्बू को सब समझ आता है,” असं उत्तर आलं.

आमच्या इमारती चार मजली आणि लिफ्टवाचूनच्या. हेमाताई राहतात तिसऱ्या मजल्यावर. बाथरूममध्ये पाय घसरून त्यांचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, चांगलं झालं, वॉकर धरून घरात हिंडूफिरू लागल्या. पण जिना सुटला तो सुटलाच. आणि ढब्बू हा त्यांचा लॅब्रेडोर. रंगाने खारकेसारखा, अंगाने नावासारखा, वयाने म्हातारा. बाईंचा एक खुबा गेला तर याचे दोन्ही गेले. डॉक्टरांनी त्याला जिना बंद केला होता. म्हणजे तिसऱ्या मजल्यावर दोन जीव, दोघांनाही खाली उतरता येत नाही, आणि त्यातल्या एकाला दिवसातून तीनदा खाली जाणं भाग.

घरातच व्यवस्था का केली नाही, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. बाल्कनीत वर्तमानपत्रं अंथरून झाली. नर्सरीतून हिरवळीचा तुकडा आणून ट्रेमध्ये ठेवून झाला. ढब्बूने त्याचा वास घेतला आणि मान फिरवली. “अगं सुमन, माझ्या हाताखाली वाढलाय तो,” हेमाताई म्हणाल्या. त्या मंत्रालयात स्टेनो होत्या, त्यांच्या नोटमधला स्वल्पविरामसुद्धा साहेब हलवू शकत नसत. “घरात करायचं नाही म्हणजे नाही. रूल म्हणजे रूल.”

त्यांचा मुलगा विनय गुरुग्रामला असतो. दर रविवारी येतो, आईच्या गोळ्यांचे डबे भरतो, गीझर नीट चालतो का बघतो, जाताना खाली वाकून ढब्बूच्या कानामागे खाजवतो. मुलगा गुणी आहे. पण त्या वर्षी दिवाळीला आला तेव्हा तो आईला स्पष्टच बोलला. मटार सोलता सोलता हेमाताईंनीच मला ते सांगितलं. “म्हणाला, आई, एवढी थंडी बघू. ह्या लोकांना जमलं तर बिल्कुल राहू दे. नाहीतर फरीदाबादला माझ्या मित्राचा बंगला आहे, तळमजला, अंगण. ढब्बूला तिथे ठेवू. त्याचे हाल नकोत.” त्यांनी एक शेंग फोडली आणि दाणे भांड्याऐवजी सालांत टाकले. “चूक नाही गं त्याचं. पण ढब्बू गेला तर ह्या घरात मी दिवसभर बोलू कुणाशी? वॉकरशी?”

तर असा तो हिवाळा ढब्बूचा निकाल लावणार होता, आणि तो निकाल आमच्या चौघांच्या खांद्यांवर होता. मिसेस चोप्रा, मी, तळमजल्यावरचे गुप्ताजी आणि अनिकेत. गुप्ताजी बँकेतून निवृत्त, कंबर जरा नाजूक, उत्साह दांडगा. अनिकेत पुण्याचा, नोएडात आयटीमध्ये, घरचा कुत्रा पुण्यात आईवडिलांपाशी ठेवून आलेला आणि त्यामुळे इथल्या प्रत्येक कुत्र्याकडे पाहून विरघळणारा.

ढब्बूला खाली आणायचा कसा, यावर ग्रुपमध्ये बरीच चर्चा झाली. सामान वाहायची ट्रॉली आणून पाहिली, ती पायऱ्यांवर अशी खडखडली की ढब्बू पलंगाखाली गेला. शेवटी हेमाताईंनी कपाटातून सोलापुरी चादर काढून दिली. दिल्लीतल्या प्रत्येक मराठी घरात अशी एक चादर असते, कुणीतरी लग्नात दिलेली, न फाटणारी, न झिजणारी आणि म्हणून कधीच न वापरलेली. त्यावर ढब्बूला निजवायचं, चौघांनी चार टोकं धरायची आणि झोळी करून उतरायचं. मिसेस चोप्रा पुढून ‘लेफ्ट, राइट’ म्हणायच्या. पहिल्या दिवशी ढब्बू थरथरला, आठवड्याभरात सरावला, आणि पुढे पुढे तर आम्ही चादर पसरायचा अवकाश, स्वतः येऊन मधोमध बसायचा. एका पंजावर हनुवटी ठेवून जिन्याची शोभा पाहत उतरायचा. आम्ही घामाघूम.

एकदा गंमत झाली. पहिल्या मजल्यावर कुणाकडे पाहुणे म्हणून एक आजोबा आले होते. त्यांनी दार उघडलं तर समोरून चार गंभीर माणसं चादरीत काहीतरी जड घेऊन संथपणे उतरताहेत. आजोबांनी कानटोपी काढली, हात जोडले, मान खाली घातली. तेवढ्यात ढब्बूने चादरीतून डोकं वर काढून त्यांच्याकडे पाहिलं. आजोबांनी जी किंकाळी मारली तिने गुप्ताजींच्या हातातलं टोक सुटता सुटता राहिलं. पुढे बरेच दिवस ते आजोबा ढब्बू उतरायच्या वेळी मुद्दाम दारात उभे राहायचे आणि त्याला नमस्कार करायचे.

खाली आणला तरी काम संपत नव्हतं. ढब्बू गवतावर उभा राहायचा आणि काहीच करायचा नाही. हेमाताईंनी त्याला पिल्लू असल्यापासून स्वतः फिरवलेलं. त्यांची पद्धत अशी, की दहा झाडं हुंगून झाली की त्या म्हणायच्या, “ढब्बू, आटप आता.” मग तो आटपायचा. आता त्या खाली नव्हत्या. मिसेस चोप्रांनी ‘आटप’ म्हणून पाहिलं, त्यात इतका पंजाबी जोर होता की काळू उठून गेला. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घसा साफ करून शुद्ध पुणेरी उच्चारात म्हटलं. ढब्बूने माझ्याकडे करुणेने पाहिलं. मराठीचा माझा सगळा अभिमान त्या हिरवळीवर जिरला. त्याला भाषा कळत नव्हती, माणूस कळत होता.

शेवटी उपाय निघाला तो असा. हेमाताईंच्या स्वयंपाकघरामागची बाल्कनी पार्कच्या बाजूला आहे. वॉकर धरून त्या तिथे यायच्या, कठड्याला टेकायच्या, टाळी वाजवायच्या आणि वरून हाक द्यायच्या, “ढब्बू! आटप!” तो मान वर करायचा. त्या दिसल्या की शेपूट एकदा हलायचं, आणि मग जे काय करायचं ते व्हायचं. सगळ्या ब्लॉकला हा कार्यक्रम ठाऊक झाला. पार्कमध्ये खेळणारी पंजाबी पोरं बॅटिंगला वेळ लावणाऱ्याला ‘आटप, आटप’ म्हणून ओरडू लागली. दिल्लीत वाढलेल्या माझ्या स्वतःच्या मुलांना मी आटप म्हटलं की ‘मतलब?’ विचारतात, ते सोडा.

डिसेंबरची ती दुपारची उन्हं मला अजून आठवतात. धूर निवळून आकाश निळं दिसलं की दिल्लीकर घरात थांबत नाही. पार्कमध्ये चटया पडायच्या, शेंगदाणे, तीळगुळाची गजक, किन्नू संत्र्यांची सालं, कुणाचं विणकाम, कुणाचं मटार सोलणं. ढब्बू मधोमध पसरलेला, अंगात विनयचा शाळेतला निळा स्वेटर. हेमाताईंनीच तो उसवून ढब्बूच्या मापाने पुन्हा विणला होता. आम्ही सरकारी बायका विणकाम शिकलो ते ऑफिसच्या हिरवळीवर, जेवणाच्या सुट्टीत, पाठीवर ऊन घेत. दोन सुया, एक डबा आणि साहेबाची निंदा. आमची ऑफिसं वेगळी, पण दोघींचेही हात तिथेच तयार झाले. हेमाताईंचे टाके अजून असे, की उलटं कुठलं आणि सुलटं कुठलं ते पाहून घ्यावं लागतं.

आम्ही उन्हात बसलेलो असताना त्या बाल्कनीतून दिसायच्या. त्यांची बाल्कनी उत्तरेची, थंडीत तिथे ऊन येतच नाही. शालीत गुरफटून उभ्या असायच्या. आम्ही हात हलवायचो. “हेमाताई, ढब्बू मजेत आहे!” मी ओरडून सांगायचे. त्या हसून मान हलवायच्या. मग आम्ही ढब्बूला वर पोचवायचो, त्याचे पंजे पुसायचो, त्याच्या खुब्यांची गोळी चिजात घालून द्यायचो. जाताना बाई त्याच्या अंगाला नाक लावून म्हणायच्या, “उन्हाचा वास येतोय गं याच्या केसांना.” आम्हाला फार बरं वाटायचं. किती चांगलं काम करतोय आपण, असं वाटत घरी जायचो.

नाताळला त्यांच्याकडे फराळ असतो. करंज्या, शंकरपाळी, आणि त्यांच्या आईच्या पद्धतीची एक गुळाची नानकटाई, जी फक्त त्यांनाच जमते. त्या वर्षी त्यांच्या चर्चमधली मंडळी घरी येऊन गाणी म्हणून गेली. ढब्बूच्या गळ्यात लाल लोकर बांधली होती, आणि अनिकेतने टेबलाखालून त्याला चोरून करंजी दिली म्हणून बोलणी खाल्ली. “आजी, फक्त पारी दिली, सारण मी खाल्लं,” असं तो शपथेवर सांगत होता. विनयने सगळ्यांना निघताना हात जोडून थँक्यू म्हटलं. “जमतंय की तुम्हाला,” म्हणाला. त्या दिवशी वाटलं, झालं, ढब्बू राहिला.

आणि मग जानेवारीत धुकं आलं.

दिल्लीचं धुकं ज्याने पाहिलं नाही त्याला ते सांगून कळायचं नाही. सकाळी खिडकी उघडली आणि समोरची इमारत गायब. आवाज येतात, दूधवाल्याची घंटा, गार्डचा खोकला, पण माणूस दिसत नाही. विमानं थांबतात, गाड्या रखडतात, शाळा बंद होतात. आमच्याकडे ढब्बू थांबला.

शनिवारी सकाळी आम्ही त्याला खाली आणला. त्याने मान वर केली. वर पांढरं. तिसरा मजला नव्हताच. हेमाताईंना त्या आठवड्यात सर्दी धरलेली, छाती भरलेली, घसा पार बसलेला. त्या वरून हाक मारत होत्या म्हणे, पण खाली काही ऐकू आलं नाही. टाळी ऐकू आली, पण धुक्यात ती कुठल्या बाजूची तेच कळेना. ढब्बू चारी दिशांना वळून बघत राहिला. अनिकेतने हेमाताईंना व्हिडिओ कॉल लावून फोन त्याच्यापुढे धरला. पडद्यावर हेमाताई पुटपुटत होत्या, “आटप रे बाळा.” ढब्बूने पडदा चाटला, मग फोनच्या मागे जाऊन त्या तिथे आहेत का ते पाहिलं. गुप्ताजींनी बाल्कनीतून टॉर्च हलवायला सांगितला. धुक्यात एक पिवळा डाग इकडून तिकडे गेला, बस.

दुपारी पुन्हा नेला. काही नाही. संध्याकाळी जिना उतरतानाच त्याच्या हातून चार थेंब चादरीत गेले. हातून म्हणजे, तुम्ही समजून घ्या. त्याची त्याला इतकी लाज वाटली की वर आल्यावर तो हेमाताईंकडे गेलाच नाही, दाराजवळच्या कोपऱ्याकडे तोंड करून बसला. डॉक्टर फोनवर म्हणाले, असं धरून ठेवलं तर किडनीवर येईल, उद्या दुपारपर्यंत झालं नाही तर घेऊन या, नळी घालावी लागेल. हे विनयला सांगणं भाग होतं. मिसेस चोप्रांनी फोन केला आणि स्पीकरवर ठेवला.

“आई, आता पुरे,” विनय म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. “मी उद्या सकाळी येतो. आधी डॉक्टरकडे नेतो, मग तसाच फरीदाबादला. तिथे त्याला सवय होईल हळूहळू. असं त्याला लटकवून ठेवणं बरोबर नाही ना?”

हेमाताईंनी ढब्बूच्या कोपऱ्याकडे पाहिलं. बोलायला आवाजही नव्हता.

रविवारी सकाळी धुकं होतं तसंच. आम्ही चौघं वर गेलो. कुणाचाच पाय उचलत नव्हता. हेमाताई खुर्चीत तयार होऊन बसल्या होत्या. स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला स्कार्फ, पायांत मोजे आणि कॅनव्हासचे बूट. मला वाटलं, ढब्बूला निरोप द्यायचा म्हणून नीटनेटक्या झाल्या आहेत. मी चादर पसरायला लागले तशा त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, “कपाटात अजून एक सोलापुरी आहे. ती पण काढ.”

“त्याला थंडी वाजत नाहीये हेमाताई, स्वेटर आहे.”

“त्याला नाही.” त्या जरा थांबल्या. “मला न्या खाली.”

आम्ही चौघं चादर हातात घेऊन उभे. त्या साऱ्या हिवाळ्यात आम्ही पस्तीस किलोचा कुत्रा जिन्यावरून दिवसातून तीनदा वाहिला. त्याची गोळी, त्याचं चीज, त्याचे पंजे, त्याचं ऊन, सगळं सांभाळलं. आणि बाल्कनीत शाल घेऊन उभ्या असलेल्या त्या बाईंना, तुम्हाला यायचंय का, असं विचारायचं चौघांपैकी एकालाही सुचलं नाही. आमचा ग्रुप कुत्र्यांचा होता ना! आम्ही त्या दारात यायचो ते ढब्बूसाठी. हेमाताई आम्हाला दिसत होत्या त्या ढब्बूचं पाणी भरून ठेवणाऱ्या, ढब्बूला हाक मारणाऱ्या, ढब्बूची आई म्हणून.

“हमने पूछा ही नहीं,” मिसेस चोप्रा म्हणाल्या. त्यांचा शिट्टीचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

“मैंने भी कहाँ बोला?” हेमाताई त्यांना म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळून, “कुत्र्यासाठी सांगता येतं गं. स्वतःसाठी चार माणसांना कसं सांगायचं, मला उचला म्हणून?”

मला रडू आलं ते मी नाक ओढून धुक्यावर ढकललं.

मग एकच धांदल उडाली. जेवणाच्या टेबलाची हातांची खुर्ची निवडली. दुसऱ्या चादरीची घडी घालून त्यांना कमरेशी खुर्चीला बांधलं. अनिकेतने गाठ ओढून ओढून पाहिली, “आजी, घट्ट नाही ना?” “असू दे. विमानात याहून घट्ट असतो पट्टा.” ढब्बू कोपऱ्यातून उठून दारात येऊन उभा राहिला. आधी कुणाला न्यायचं यावर चर्चा होणार तोच हेमाताई म्हणाल्या, “आधी मी.”

खुबा मोडला तेव्हा त्यांना स्ट्रेचरवरून नेलं होतं आणि स्ट्रेचरवरूनच वर आणलं होतं. दोन्ही वेळेला त्यांनी जिन्याचं फक्त छत पाहिलं होतं. आता बसून उतरताना त्या प्रत्येक मजला बघत होत्या. “अच्छा, यांनी दार बदललं वाटतं. आधीचं बरं होतं.” दुसऱ्या मजल्यावर, “एवढे जोडे? किती माणसं राहतात इथे?” पुढच्या वळणावर त्यांनी खुर्चीचा हातच थोपटला. “थांबा, थांबा. ही कुंडी माझी आहे! मी शोधत होते.” आमचे दंड भरून आलेले, गुप्ताजींचा एक हात कमरेवर, आणि बाई कुंडीची चौकशी करताहेत. मी हसले तशी खुर्ची हलली. “हँसना मना है!” मिसेस चोप्रांनी ओरडून सांगितलं, आणि त्याही हसल्या.

पहिल्या मजल्याच्या वळणावर खालून विनय आला. हातात ढब्बूचा नवा पट्टा. वर पाहतो तर आई खुर्चीत, चादरीने बांधलेली, स्कार्फ कपाळावर सरकलेला. तो एका पायरीवर पाय ठेवून तसाच उभा राहिला.

“बाजूला हो,” हेमाताई म्हणाल्या. “नाहीतर हात लाव.”

त्याने पट्टा खिशात कोंबला आणि गुप्ताजींच्या हातातून खुर्चीचा पाय घेतला. गुप्ताजींनी देवाचे आणि त्याचे, दोघांचेही आभार मानले.

खाली आल्यावर खुर्ची गवतावर ठेवली. गवत दवाने भिजलेलं, धुकं इतकं की समोरचा घसरगुंडीचा लोखंडी जिनाही अर्धाच दिसत होता. हेमाताईंनी बूट जमिनीवर टेकवले. नुसते टेकवले नाहीत, थोडे दाबून पाहिले. मग विनय, अनिकेत, मिसेस चोप्रा आणि मी, आम्ही वर जाऊन ढब्बूला घेऊन आलो. चादर खाली टेकली तसा तो उठला, लंगडत हेमाताईंकडे गेला, त्यांच्या बुटांना लागलेला चिखल हुंगला, मग मोजे, मग गुडघे, मग हात. सगळं जागच्या जागी आहे याची खात्री झाल्यावर त्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांच्या घशातून शब्द निघालाच नाही. नुसते ओठ हलले.

ढब्बू चार पावलं गेला, आमच्याकडे पाठ केली, आणि उभा राहिला. किती वेळ ते विचारू नका. मिसेस चोप्रांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. धुक्यातून कुठल्यातरी खिडकीतून एक पोर ओरडलं, “आटप गया क्या?” विनय पाठमोरा होऊन चष्मा पुसत होता. पुसण्यासारखं खूप काही असावं, कारण बराच वेळ पुसत होता.

ढब्बू फरीदाबादला गेला नाही. त्यानंतरचा आणखी एक हिवाळा त्याने पाहिला, हेमाताईंच्या खुर्चीशेजारी पसरून, आणि मग एका उन्हाळी दुपारी घरातच, कुलरसमोर झोपेत गेला. तेव्हा ग्रुपमध्ये कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, की आता तिथे कुत्रा नाही, तर त्या घराचं नाव यादीतून काढायचं का. मिसेस चोप्रांनी त्या माणसाला जे सुनावलं ते मी मराठीतही लिहू शकत नाही. खुर्ची अजून उतरते. आता उचलणारे थोडे तरुण आहेत, मी फक्त शाल आणि विणकामाची पिशवी घेऊन मागून उतरते. उन्हात बसून त्या माझे सुटलेले टाके मोजतात आणि नाक मुरडतात.

पण त्या सकाळचं शेवटचं सांगायचं राहिलं. ढब्बूचं झालं होतं. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप ते काम फत्ते झालं होतं. गारठा वाढला होता, हेमाताईंच्या छातीत कफ, आम्हाला घाई झाली. विनय खुर्चीपाशी वाकला, चादरीची गाठ चाचपली आणि म्हणाला, “चल आई. ढब्बूला मी कुठे नेत नाही. आता वर जाऊ, थंडी आहे.”

हेमाताईंनी त्याचा हात गाठीवरून बाजूला केला. त्यांच्या भुवयांवर दव बसलं होतं. समोर बघण्यासारखं काही नव्हतं, सगळं पांढरं होतं, आणि त्या ते बघत होत्या.

“त्याला घेऊन जा वर,” त्या म्हणाल्या. “मी बसते जरा.”